चुंबकीय ध्रुव सरकला म्हणून हवामान बदललं? हा दावा स्वतः कसा तपासायचा

परवा भाच्याने एक आलेख पाठवला. एक रेषा उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या वाढत्या वेगाची, दुसरी जगाच्या वाढत्या तापमानाची, आणि दोन्ही जोडीने वर चढत गेलेल्या. खाली एवढंच लिहिलं होतं, "मावशी, हे खरं आहे का?"

मी बावीस वर्षं पुराचुंबकत्वाच्या, म्हणजे खडकात आणि गाळात जपलेलं जुनं चुंबकत्व मोजणाऱ्या, प्रयोगशाळेत समुद्रतळाच्या गाळाचे नमुने मोजले आहेत. "नाही" असं एका शब्दात सांगून मोकळं होता आलं असतं. पण उद्या त्याच्याकडे दुसरा आलेख येणार, परवा तिसरा. शिवाय या विषयात खरोखर अभ्यासण्याजोगं पुष्कळ आहे आणि सरसकट "नाही" म्हटलं की तेही त्यासोबत फेकलं जातं. म्हणून मी त्याला तपासायची रीत लिहून पाठवली. तीच इथे थोडी वाढवून देते आहे. लागणाऱ्या वस्तू फार नाहीत: कॉम्प्युटरवर एक्सेलसारखी कुठलीही शीट, इंटरनेट आणि दोन-तीन निवांत संध्याकाळी.

कोणता ध्रुव, ते आधी ठरवा

"ध्रुव सरकतोय" या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. निम्मे दावे इथेच निकालात निघतात, म्हणून ही पायरी टाळू नका.

एक चुंबकीय ध्रुव, म्हणजे टांगलेली चुंबकसुई जिथे सरळ खाली तोंड करून उभी राहते ती जागा. जेम्स क्लार्क रॉस १ जून १८३१ रोजी कॅनडाच्या उत्तरेकडच्या बूथिया द्वीपकल्पावर तिथे पोचला. त्याच्या सुईचा कल ८९ अंश ५९ मिनिटं होता, म्हणजे काटकोनाला अवघं एक मिनिट कमी.

दुसरा भूचुंबकीय ध्रुव. पृथ्वीच्या मध्यावर एकच मोठा दांडीचुंबक ठेवून जगभरच्या मोजमापांशी त्याचा उत्तम मेळ बसवला, तर त्याचा अक्ष पृष्ठभागाला जिथे छेदेल ती जागा. ही गणिताने काढायची, तिथे जाऊन सुई उभी राहत नाही.

तिसरा भौगोलिक ध्रुव, पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते त्याचं टोक. तोही हलतो, पण वर्षाला साधारण १० सेंटीमीटर.

आता आकडे बघा. १९०० ते २०२० या काळात उत्तरेचा चुंबकीय ध्रुव दोन हजार किलोमीटरहून जास्त सरकला, कॅनडाकडून सायबेरियाकडे. त्याच काळात भूचुंबकीय ध्रुव सरकला जेमतेम अडीचशे किलोमीटर. आणि दक्षिणेचा चुंबकीय ध्रुव वर्षाला पाच-दहा किलोमीटरच्या चालीने अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याबाहेर रेंगाळतो आहे. उत्तरेचा ध्रुव इतका पळतो याचं कारण त्या भागात क्षेत्राचा आडवा घटक फार दुबळा आहे. कॅनडाखालच्या आणि सायबेरियाखालच्या चुंबकीय पट्ट्यांची रस्सीखेच चालते, त्यात थोडासा फरक पडला तरी "सुई उभी राहते ती जागा" शेकडो किलोमीटर घसरते. उथळ ताटलीत पाणी असावं आणि ताटली किंचित कलली की काठाची ओल केवढी सरकते, तसं. पाणी मात्र तेवढंच असतं.

म्हणून ज्या आलेखात उत्तर चुंबकीय ध्रुवाचा वेग हा पृथ्वीच्या सगळ्या चुंबकत्वाचा मापक म्हणून वापरला असेल, तिथेच थांबा. भाच्याच्या आलेखात हेच होतं. त्यात आणखी एक गोष्ट होती: आलेख २००५च्या आसपास संपत होता. १९९०च्या आधी वर्षाला १०-१५ किलोमीटर असलेला वेग पुढे ५० ते ६०पर्यंत गेला हे खरं, पण अलीकडच्या वर्षांत तो ३५च्या आसपास उतरला आहे. तापमान उतरलेलं नाही. २०२४ हे नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. आलेख जिथे संपतो, तिथून पुढचे आकडे स्वतः भरायचे, ही सवय लावून घ्या.

भौगोलिक ध्रुवाच्या बाबतीत हवामानाचा संबंध खरा आहे, फक्त बाण उलटा आहे. हिमनद्या आणि हिमचादरी वितळून पाण्याचं वजन समुद्रात पसरतं, उपसलेलं भूजल शेवटी समुद्रात जातं, हिमयुगात दबलेली जमीन अजून वर उठते आहे. वजन इकडचं तिकडे झालं की फिरण्याचा अक्ष सरकतो. म्हणजे हवामान ध्रुवाला ढकलतं. बातमी लिहिणाऱ्याने "ध्रुव" हा शब्द मोघम ठेवला की वाचणारा हा बाण उलटा धरून बसतो.

दोन फायली उतरवून घ्या

गेल्या शतकाच्या पलीकडे जायचं तर गाळ, बर्फ आणि लाव्हा यांच्याकडे जावं लागतं. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या पुराहवामान संग्रहात साध्या टेक्स्ट फायली फुकट मिळतात. हवामानासाठी "एलआर०४" घ्या. जगभरच्या ५७ सागरी नोंदींतून काढलेली ही ऑक्सिजन समस्थानिकांची (ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणाची) सरासरी आहे, ५३ लाख वर्षांची; त्यावरून जुन्या काळची थंडी आणि बर्फ यांचा अंदाज येतो. चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीसाठी "सिंट-२०००" घ्या, वीस लाख वर्षांची. शीटमध्ये दोन्ही एकाखाली एक काढा. एकावर एक काढू नका. दोन वेगळ्या मोजपट्ट्या ताणून-दाबून कुठल्याही दोन रेषा एकमेकींवर बसवता येतात, आणि एकदा बसलेल्या दिसल्या की डोळा ते विसरत नाही.

एक किरकोळ पण हमखास चुकणारी गोष्ट: "आजपासून इतकी वर्षं मागे" यातला "आज" सगळीकडे एक नसतो. कार्बनच्या तारखांत तो १९५० असतो, ग्रीनलंडच्या बर्फाच्या तारखांत बहुधा २०००. फायलीच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, ते वाचा.

घड्याळ कुणाचं आहे?

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे.

समुद्रतळातून काढलेला कोअर, म्हणजे गाळाचा लांब, नळीसारखा नमुना, उभा चिरतात आणि त्याच्या सपाट अंगावर दोन सेंटीमीटरच्या प्लास्टिकच्या डब्या एकीला एक लागून दाबून बसवतात. प्रत्येक डबीवर वरच्या दिशेचा बाण असतो. डबी बाहेर काढली की आत ओल्या, राखाडी, किंचित सल्फरचा वास येणाऱ्या गाळाचा घन असतो. तो मॅग्नेटोमीटरमध्ये ठेवायचा, मोजायचा, प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा उलटणाऱ्या, चुंबकीय क्षेत्रात थोडा विचुंबकित करायचा, परत मोजायचा. एका डबीला असे दहा-बारा फेरे. वरवरचं, नंतर चिकटलेलं चुंबकत्व आधी निघून जातं आणि गाळ बसताना कोरलं गेलेलं जुनं चुंबकत्व शेवटी उरतं. गाळातले मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे बारीक कण हीच इथली चुंबकसुई.

पण गाळ "बसताना" म्हणजे नेमकं केव्हा? समुद्रतळाचा वरचा थर दह्यासारखा असतो. किडे तो उकरत असतात, त्यात पाणी असतं, कण अजून फिरू शकतात. वर आणखी गाळ साचून दाब वाढला, पाणी निघून गेलं, की मग कण जागच्या जागी अडकतात. तोवर ते पृष्ठभागाच्या दहा-पंधरा सेंटीमीटर खाली गेलेले असू शकतात. म्हणजे आजचं चुंबकीय क्षेत्र आजच्या गाळात न कोरलं जाता खालच्या, जुन्या गाळात कोरलं जातं. हवामानाची नोंद ठेवणारे शंखधारी सूक्ष्मजीव मात्र मेल्यावर थेट पृष्ठभागावर येऊन पडतात. एकाच कोअरमध्ये दोन घड्याळं असतात आणि चुंबकाचं घड्याळ नेहमी जुना वेळ दाखवतं.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरीही माझ्या हातून चूक झाली. एका कोअरमध्ये ३.३० मीटरवर थंडी सुरू झाल्याची स्पष्ट खूण होती आणि ३.३६ मीटरवर क्षेत्र कोसळून सुईची दिशा भरकटलेली होती. हजार वर्षांना चार सेंटीमीटर गाळ, म्हणजे सहा सेंटीमीटरची १,५०० वर्षं. आधी क्षेत्र कोसळलं, दीड हजार वर्षांनी थंडी आली. मी अहवालाचा मसुदा लिहून काढला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, इतकी मी त्यात गुंतले होते. प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी मसुदा परत केला, समासात तीनच शब्द लिहून: "बेरिलियम बघितलं का?"

बेरिलियम-१० वातावरणात विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, माऱ्याने तयार होतं. पृथ्वीचं चुंबकीय कवच दुबळं झालं की मारा वाढतो आणि बेरिलियम-१० जास्त बनतं. ते गाळाच्या कणांना चिकटून खाली बसतं, त्याला कुठलीही सुई वळवावी लागत नाही. साध्या बेरिलियम-९शी गुणोत्तर काढलं की प्रवाहांमुळे आलेली गडबडही बरीचशी जाते. आम्ही त्याच कोअरमधून ते मोजवून घेतलं. शिखर आलं ३.२१ मीटरवर, चुंबकीय खुणेच्या १५ सेंटीमीटर वर. म्हणजे क्षेत्र खरोखर दुबळं झालं ते थंडी सुरू झाल्यावर सव्वादोन हजार वर्षांनी. मी ज्याला कारण म्हणत होते, ते परिणामाच्या मागून आलं होतं.

तेव्हापासून "आधी ध्रुव सरकला, मग हवामान बदललं" असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा तीन गोष्टी शोधते. नोंद गाळातली आहे की लाव्हा-बर्फातली? गाळातली असेल तर साचण्याचा वेग किती? आणि त्याच गाळात बेरिलियम-१० मोजलं आहे का? गणित तुम्हीही करू शकता: १५ सेंटीमीटरला साचण्याच्या वेगाने भागा. हजार वर्षांना तीन सेंटीमीटर असेल तर पाच हजार वर्षांचा खोटा फरक पडू शकतो. दाव्यातला फरक याहून लहान असेल, तर त्यावर कार्यकारणभाव उभा राहत नाही.

घड्याळाच्या आणखी दोन खोड्या आहेत. क्षेत्र दुबळं असताना कार्बन-१४ सुद्धा (ज्याच्या उरलेल्या प्रमाणावरून वय काढतात तो) जास्त बनतो, त्यामुळे त्या काळातला कोळसा किंवा लाकूड आहे त्याहून तरुण वाटतं. दुरुस्ती न केलेल्या कार्बन तारखा ४० हजार वर्षांच्या आसपास काही हजार वर्षांनी चुकतात. चुंबकीय घटनाच तिच्याभोवतीची घड्याळं बिघडवते. दुसरी खोडी म्हणजे हवामान चुंबकीय नोंदीत शिरतं. हिमयुगात वाऱ्याने आणि बर्फाने येणारा गाळ वेगळा, त्यातल्या चुंबकीय कणांचं प्रमाण आणि आकार वेगळा. ते भागून बाजूला काढलं नाही, तर क्षेत्राच्या ताकदीच्या आलेखात हिमयुगांचीच लय उमटते आणि बघणाऱ्याला वाटतं, सापडला संबंध! त्यात अनेक कोअरच्या तारखाच मुळात एलआर०४सारख्या हवामानाच्या नोंदीशी जुळवून लावलेल्या असतात. एका घड्याळावरून दुसरं लावायचं आणि मग दोन्ही एकच वेळ दाखवतात म्हणून आश्चर्य करायचं, असं होऊन बसतं.

जुळणी किती सहज होते, ते मोजा

मागच्या हिमयुगात ग्रीनलंडच्या बर्फात अचानक तापण्याचे सुमारे २५ प्रसंग दिसतात. एक लाख वर्षांत २५ म्हणजे सरासरी दर चार हजार वर्षांनी एक. आता शीटमध्ये यादृच्छिक तारखा काढा, अगदी आंधळेपणाने. जवळपास प्रत्येक तारखेच्या दोन-अडीच हजार वर्षांच्या आत एखादा हवामानबदल सापडेलच. मग चुंबकीय घटनेची तारीख दोन हजार वर्षांनी इकडेतिकडे असेल, तर "हवामानबदलाशी जुळते" या वाक्याला काहीच किंमत राहत नाही. हे मी नुसतं सांगून पटत नाही, करून बघितलं की पटतं. पंधरा मिनिटं लागतात.

उलट बाजूनेही मोजा. ध्रुवांची शेवटची पूर्ण अदलाबदल सुमारे ७,७३,००० वर्षांपूर्वी झाली. जपानमधल्या चिबाच्या थरांत ती इतकी नीट दिसते की २०२०मध्ये भूशास्त्रीय कालखंडालाच चिबानियन नाव मिळालं. तेव्हापासून एकही पूर्ण अदलाबदल नाही. आणि तेवढ्याच काळात, अंटार्क्टिकाच्या डोम सी इथल्या ८ लाख वर्षांच्या बर्फात बघा, आठ हिमयुगं येऊन गेली. एलआर०४ आणि सिंट-२००० शेजारी ठेवले की हे डोळ्यांनी दिसतं. हिमयुगांची लय पृथ्वीच्या कक्षेच्या आणि अक्षाच्या बदलांशी जुळते, सुमारे ४१ हजार आणि १ लाख वर्षांच्या टप्प्यांनी. त्याहून मागे गेलात तर क्रिटेशस काळात तब्बल पावणेचार कोटी वर्षं एकही अदलाबदल झाली नाही, आणि त्या काळातही हवामान एका जागी बसलेलं नव्हतं.

वाट कुठली, ते विचारा

चुंबकीय क्षेत्र हवामानापर्यंत पोचणार कसं? सूर्यप्रकाशाला विद्युतभार नाही, त्याला चुंबक वळवत नाही. हवेला ढकलण्याइतकी ताकद या क्षेत्रात नाही. उरतात दोन वाटा. एक, विश्वकिरण वाढून ढगांची बीजं वाढणं. सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेतल्या क्लाउड प्रयोगात हे कसून तपासलं गेलं: विश्वकिरणांमुळे कण तयार व्हायला मदत होते, पण सूर्यचक्रासोबत त्यांच्यात होणाऱ्या चढउतारांचा आजच्या ढगांवर जाणवण्याइतका परिणाम दिसला नाही. दोन, वरच्या वातावरणातलं रसायन बदलून ओझोन कमी होणं. ही वाट मला जास्त गंभीर वाटते आणि तिच्यावर काम चालू आहे.

या वाटा पारखायला निसर्गानेच एक मोठा प्रयोग करून ठेवला आहे. १९६७मध्ये फ्रान्समधल्या लाशां इथल्या लाव्हात उलट्या दिशेचं चुंबकत्व सापडलं. सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वी ध्रुव भरकटले, काही शतकं उलटेही झाले आणि परत जागेवर आले. त्या काळात क्षेत्राची ताकद आजच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली गेली. ग्रीनलंडच्या बर्फात बेरिलियम-१० जवळजवळ दुप्पट झालेलं दिसतं. कवच जवळपास उतरलं होतं. विश्वकिरण हवामान चालवत असते तर त्याच बर्फात, त्याच खोलीवर, हवामानाचा मोठा धक्का दिसायला हवा होता. इथे घड्याळाचा वादही उरत नाही, कारण दोन्ही नोंदी एकाच बर्फातल्या आहेत. तिथे दिसतात ते आधी आणि नंतरही होत राहिलेले नेहमीचेच चढउतार.

२०२१मध्ये न्यूझीलंडच्या दलदलीत जपलेल्या प्राचीन कौरी वृक्षाच्या वलयांवरून एका गटाने मांडलं की या घटनेने ओझोन घटला, हवामान ढवळलं गेलं, मोठे प्राणी आणि निअँडरथल यांच्यावरही संकट आलं. त्या वलयांतली कार्बन-१४ची मोजणी सुंदर काम आहे, ते मी आदराने वाचते. पण हवामानाच्या आणि विलोपनाच्या भागावर त्याच वर्षी इतर संशोधकांनी आक्षेप घेतले: तारखा तितक्या घट्ट जुळत नाहीत आणि बर्फात वेगळं काही दिसत नाही. या प्रकरणावर वर दिलेल्या सगळ्या पायऱ्या स्वतः चालवून बघा. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीचा इटलीतला कँपेनियन इग्निम्ब्राइट हा प्रचंड ज्वालामुखीय उद्रेकही यादीत धरा. जवळच्या तारखांचे संशयित एकाहून जास्त असतात.

मग चुंबकत्वाचा हवामानाला उपयोग काय?

खूप. माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलं.

ध्रुव कितीही भटकला तरी काही हजार वर्षांची सरासरी घेतली की चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षावर येऊन बसतो. त्यामुळे जुन्या खडकातल्या सुईचा कल मोजला की तो खडक तेव्हा कुठल्या अक्षांशावर होता ते कळतं. सूत्र सोपं आहे: कलाचा टॅन घ्या, निम्मा करा, तो अक्षांशाचा टॅन. कल ४९ अंश असेल तर टॅन १.१५, निम्मा ०.५७५, अक्षांश साधारण ३०. आपल्याकडच्या, भारतातल्या, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या तालचीर थरांत बर्फाने घासलेले गोटे सापडतात, ते वाचून विषुववृत्ताजवळ बर्फ पडत होता असं समजायचं नाही. तेव्हा ती जमीनच दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. हवामान कुठल्या जागेचं आहे हे कळल्याशिवाय ते बदललं की नाही, हे म्हणताच येत नाही.

आणि लाशांची खूण. तिच्यामुळे ग्रीनलंडचा बर्फ, अंटार्क्टिकाचा बर्फ आणि समुद्राचा गाळ एकाच क्षणाला गाठ मारून जोडता येतात, कारण बेरिलियम-१०चं शिखर जगभर एकाच वेळी पडलं. उत्तरेत थंडी आधी आली की दक्षिणेत, असे प्रश्न अशा गाठींवर सुटतात. तुमच्या शीटमध्ये दोन कोअर घेऊन हे करून बघा: दोन्हींतलं बेरिलियमचं शिखर एका ओळीत आणा, मग हवामानाचे स्तंभ शेजारी ठेवा. चुंबकीय दिशेचा स्तंभ वापरावाच लागला, तर तो आधी १५ सेंटीमीटर वर सरकवून घ्या आणि किती सरकवला ते समासात लिहून ठेवा.